नवे इंजिन, जुनी टाकी : पुरातील बोट मध्यावरच का बंद पडते?

नेसरी (ता. गडहिंग्लज) : नेसरीचे नाव निघाले, की मराठी माणसाला आठवते ती खिंड. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार येथे बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि त्यांनी वीरमरण पत्करले. समुद्र, बंदर, गलबत यांच्याशी या गावाचा संबंध कोणी जोडणार नाही. तरीही आषाढातील पावसाने जोर धरला, की या परिसराला बोटीची आठवण होते.

कारण या भागाचे भूगोलच तसे आहे. नेसरीच्या आसमंतातून घटप्रभा वाहते. उत्तरेकडे गडहिंग्लजजवळ हिरण्यकेशी आहे, तर चंदगड तालुक्यातून ताम्रपर्णी येते. सह्याद्रीच्या माथ्यावर चार दिवस संततधार लागली, की घटप्रभेवरील हिंडगाव, कानडे सावर्डे, अडकूर, तारेवाडी हे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली गेल्याच्या बातम्या येऊ लागतात. बंधारा बुडाला म्हणजे त्यावरून जाणारा रस्ताही बुडाला. ताम्रपर्णीकाठचे कोवाड, म्हणजे 'स्वामी'कार रणजित देसाई यांचे गाव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथील बाजारपेठेत नदी शिरली होती. त्याच महापुरात कोल्हापूर शहराजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाण्याची कल्पना येते.

अशा वेळी गावाला आधार असतो तो बोटीचा. लष्कर, नौदल किंवा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके येईपर्यंतचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात आणि ते बहुधा जवळपास असलेल्या, वर्षानुवर्षे वापरात असलेल्या एखाद्या जुन्या बोटीवरच काढावे लागतात. त्या बोटीचे इंजिन सुरू होते का, आणि सुरू झाल्यावर ते चालू राहते का, या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे पाऊस सुरू होण्यापूर्वी मिळवावी लागतात. ती मिळवताना जुन्या बोटीचे इंजिन बदलण्याचा विषय येतोच. मात्र या चर्चेत इंधनाची टाकी बहुतेक वेळा मागे राहते, आणि पुराच्या पाण्यात दगा देण्याची शक्यता सर्वाधिक तिचीच असते.

काठावर सुरू, मध्यावर बंद

बोट वापराने जितकी झिजते, त्याहून अधिक ती पडून राहिल्याने बिघडते. किनाऱ्यावरील मासेमारी नौका हंगामात रोज पाण्यात जाते. नदीकाठच्या गावातील बोट मात्र वर्षातून आठ-पंधरा दिवस वापरली जाते आणि उरलेले महिने एखाद्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. तिच्या टाकीत गेल्या वर्षीचे पेट्रोल तसेच राहिलेले असते. त्यातील हलके घटक उडून जातात, उरलेला भाग चिकट होतो आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत त्याचा थर बसतो.

दुसरा शत्रू म्हणजे पाणी. अर्धवट भरलेल्या टाकीतील मोकळ्या जागेत हवा असते. दिवसा ती तापते, रात्री थंड होते, आणि हवेतील दमटपणाचे थेंब टाकीच्या आतल्या भिंतींवर जमून खाली ओघळतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते. टाकी लोखंडी असेल तर तेथूनच गंज सुरू होतो. बाहेरून रंग शाबूत आणि आतून तळ पोखरलेला, अशी जुन्या टाकीची अवस्था असते.

आता बोट पुरात उतरवल्यावर काय घडते ते पाहू. काठावर इंजिन सुरू केले जाते तेव्हा बोट स्थिर असते आणि इंजिन मंद चालते. नळीत आणि कार्बोरेटरमध्ये असलेल्या थोड्याशा इंधनावर ते काही मिनिटे व्यवस्थित चालते. सर्वांना वाटते, बोट तयार आहे. माणसे बसतात, बोट प्रवाहात शिरते, लाटांनी हिंदकळू लागते. प्रवाह कापण्यासाठी इंजिनाचा वेग पूर्ण वाढवला जातो. त्या हिंदकळण्याने टाकीच्या तळाचा गंज, गाळ आणि पाणी ढवळून निघते. इंधन खेचणाऱ्या नळीचे तोंड तळाजवळच असल्याने हा सारा मळ सरळ फिल्टरमध्ये जातो. फिल्टर तुंबतो, इंजिन अडखळते आणि नेमके प्रवाहाच्या मध्यावर बंद पडते. इंजिन अगदी नवे कोरे असले तरी यात फरक पडत नाही.

सुट्या टाकीच्या बाबतीत याहून साधे कारणही आढळते. झाकणावरील हवेचा स्क्रू उघडायचा राहून गेलेला असतो. इंधन बाहेर जाते, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. काही मिनिटांत टाकीत पोकळी निर्माण होते आणि इंधनाचा पुरवठा थांबतो. नळीवरील रबरी फुगा चपटा झालेला दिसला, तर प्रथम हा स्क्रू पाहावा.

उसाच्या पट्ट्यात इथेनॉलचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत या प्रश्नात एक भर पडली आहे. देशातील पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. गडहिंग्लज, आजरा, चंदगड हा सारा ऊस पिकवणारा मुलूख. उसापासून तयार होणारे इथेनॉल येथील शेतकऱ्याच्या हिताचे आहे. रोज धावणाऱ्या मोटारीत हे पेट्रोल साठून राहत नाही. वर्षभर उभ्या असलेल्या बोटीचे गणित मात्र निराळे आहे.

इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी असेल तर ते इंधनात मिसळूनच जाते आणि इंजिनातून जळून निघते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी त्यांचा स्वतंत्र थर तयार होतो. या थरावर इंजिन चालू शकत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात तर त्याचा धोका दुहेरी असतो, कारण वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलसोबत राहते आणि खालच्या थरातून इंजिनाला वंगण मिळत नाही.

इथेनॉल जुन्या चिकट थरांना सोडवते, जुन्या रबरी नळ्या फुगवते किंवा कडक करते. जुन्या फायबरच्या टाक्यांतील राळही त्याने मऊ पडते. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बोटीत नळ्या, फुगा, गॅस्केट आणि जोडण्यांवरील रबरी कड्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत की नाहीत, हे तपासणे आवश्यक ठरते. नळी वाकवून पाहावी. तिला भेगा दिसल्या किंवा पुसलेल्या फडक्याला पेट्रोलचा वास आला, तर ती बदलावी. येथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

आधी बोट, मग इंजिन

इंजिन बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी बोट त्या इंजिनाच्या लायकीची उरली आहे का, हे पाहावे लागते. बचावकार्यातील छोट्या बोटींना बहुधा मागच्या बाजूला बाहेरून टांगलेले, म्हणजे आऊटबोर्ड इंजिन असते. त्याचे सारे वजन आणि रेटा बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर येतो. फायबरच्या अनेक जुन्या बोटींत या फळीच्या आत लाकूड असते. स्क्रूच्या छिद्रांतून पाणी झिरपत राहिले, की ते लाकूड आतल्या आत कुजते. वरून चकाकी कायम असते.

याची परीक्षा सोपी आहे. हातोडीच्या लाकडी दांड्याने फळीवर ठिकठिकाणी ठोकावे. घट्ट लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा भदभद येतो. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने भार द्यावा. फळी लवत असेल किंवा कोपऱ्यात बारीक चिरा उघडत असतील, तर त्या बोटीवर नवे इंजिन चढवणे म्हणजे खचलेल्या भिंतीला नवा दरवाजा बसवण्यासारखे आहे. आधी फळी नवी करावी लागेल. हवेच्या बोटीत हेच काम शिवण, चिकटवलेले सांधे आणि झडपा तपासून करावे लागते. अशा बोटी फुगवून किमान एक रात्र ठेवाव्यात आणि सकाळी हवा किती उतरली ते पाहावे.

जुने इंजिन खरोखर निकामी झाले आहे का, हेही ठरवले पाहिजे. प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजण्याची साधी चाचणी कोणताही जाणता मेकॅनिक करू शकतो. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा अधिक तफावत असेल, तर आतली झीज गंभीर समजावी. खालच्या गिअरच्या पेटीतील तेल काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. यात फक्त सील बदलून काम भागण्याची शक्यता असते. थंडाव्यासाठी पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी चक्र, म्हणजे इंपेलर, हा तर झिजणाराच भाग आहे. पुराच्या गढूळ पाण्यातील वाळूने ते लवकर झिजते. इंजिनाच्या मागून निघणारी पाण्याची धार मंदावली, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. अनेकदा टाकी, नळ्या, फिल्टर, प्लग आणि इंपेलर एवढ्या गोष्टी नव्या केल्या, की ज्याला मोडीत काढायचे ठरले होते ते इंजिन पुन्हा नीट चालू लागते.

ताकद, वजन आणि उंची

इंजिन बदलायचेच ठरले, तर 'थोडे मोठेच घेऊ' हा मोह टाळावा. प्रत्येक बोटीची कमाल अश्वशक्ती आणि वजनाची मर्यादा निर्मात्याने ठरवलेली असते. त्या मर्यादेत इंजिन, इंधन आणि माणसे असे सगळे येते. इंजिन जितके जड, तितकी माणसे कमी, हा हिशेब विसरून चालत नाही.

जुन्या टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक घेताना हा हिशेब अधिक काळजीने करावा लागतो. फोर-स्ट्रोक इंजिन कमी इंधन खाते, धूर कमी करते आणि त्यासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही. मात्र ४० अश्वशक्तीच्या गटात ते टू-स्ट्रोकपेक्षा साधारण २० ते ३० किलोने जड असते. हे वजन बोटीच्या अगदी टोकाला पडते. बोट मागे दबते आणि मागच्या फळीवरून पाणी आत येण्याचा धोका वाढतो. टाकी आणि बॅटरी पुढे सरकवून हा तोल काही अंशी साधता येतो.

दुसरी बाब उंचीची. आऊटबोर्ड इंजिनाचा दांडा प्रामुख्याने १५ इंच आणि २० इंच अशा दोन मापांत येतो. बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजूनच इंजिन घ्यावे लागते. पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी साधारणतः बोटीच्या तळाच्या पातळीत असावी. इंजिन वर राहिले तर पंखा हवा खेचतो आणि नुसताच गरगरतो. खूप खाली गेले तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि उथळ पाण्यात पंखा जमिनीला लागतो.

पंख्याचीही निवड असते. एका फेऱ्यात पंखा सिद्धांततः किती इंच पुढे जाईल, त्या मापाला पिच म्हणतात. जास्त पिचचा पंखा रिकाम्या बोटीला वेग देतो, परंतु भरलेल्या बोटीत इंजिनाची दमछाक करतो. पूर्ण भाराने आणि पूर्ण वेगाने चालवताना इंजिनाचे फेरे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत आले पाहिजेत. पिच एक इंचाने कमी केला, की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. बचावकार्याची बोट नेहमी भरलेलीच येणार, हे धरून तिचा पंखा निवडावा.

पुराच्या पाण्याची आणखी एक खासियत आहे. त्यात उसाची कांडी, कुंपणाच्या तारा, दोरखंड, साड्या, झाडाच्या फांद्या, जलपर्णी असे काय काय वाहत येते. पाण्याखाली विजेचे खांब आणि बैलगाड्याही असतात. त्यामुळे पंख्याभोवती संरक्षक जाळी आणि बोटीत जादा पंखा, पिन, पाना व एक धारदार कोयता असायला हवा. वल्ही तर हवीतच.

टाकी उघडून पाहिल्याशिवाय भरवसा नाही

इंजिन नवे आल्यावर जुनी टाकी तशीच जोडणे, ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक होय. टाकीची तपासणी क्रमाने करावी.

प्रथम टाकीच्या अगदी तळातून थोडे इंधन काढून स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे आणि ते काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर पाणी आहे. लालसर कण दिसले, तर गंज आहे. रंग गडद आणि वास वार्निशसारखा असेल, तर इंधन शिळे झाले आहे. अशा इंधनात नवे पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. ते पूर्ण काढून टाकावे लागते.

सुट्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडे, उन्हाने आलेला ठिसूळपणा किंवा फुगवटा दिसला, तर ती सरळ बदलावी. खरा प्रश्न असतो तो जुन्या बोटीच्या फळ्यांखाली बसवलेल्या धातूच्या टाकीचा. तिचा वरचा भाग दिसतो, तळ दिसत नाही. टाकीखाली फोम, गादी किंवा गोणपाट असेल, तर ते पाणी धरून ठेवते आणि ॲल्युमिनियमलाही छोटे छोटे खड्डे पाडते. म्हणून इंजिन बदलताना बोट मोकळी झालेलीच असते, त्याच वेळी टाकी बाहेर काढावी. पुन्हा ती संधी लवकर येत नाही.

बाहेर काढलेल्या टाकीची गळती हवेच्या कमी दाबाने तपासतात. आधी टाकी पूर्ण रिकामी आणि वाफमुक्त करावी लागते. मग सारी तोंडे बंद करून सुमारे ३ पीएसआय इतकाच दाब द्यावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तेथे छिद्र आहे. ३ पीएसआय हा दाब किती कमी आहे, हे समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. मोटारसायकलच्या चाकात त्याच्या आठ-दहा पट हवा असते. त्यामुळे पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची नळी सरळ टाकीला लावणे धोक्याचे आहे. टाकी फुगून फाटू शकते. सायकलचा हातपंप आणि अचूक मापक यांनी हे काम होते.

वेल्डिंगचा मोह जिवावर

छिद्र सापडले, की गावातील वेल्डिंगच्या दुकानाकडे पावले वळतात. येथेच सर्वाधिक सावध राहण्याची गरज आहे. भरलेल्या टाकीपेक्षा 'रिकामी' टाकी अधिक घातक असते, हे अनेकांना ठाऊक नसते. द्रव पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड टक्का ते साडेसात टक्के असेल, तर ते मिश्रण ठिणगी मिळताच स्फोट पावते. रिकाम्या टाकीत नेमके असेच मिश्रण तयार असते. शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यांत अडकलेले इंधन टाकी तापल्यावर पुन्हा वाफ सोडू लागते. म्हणून एकदा पाण्याने विसळली आणि दोन दिवस उन्हात ठेवली, एवढ्यावर विसंबून टाकीला ज्योत लावू नये.

हे काम करणारे कारागीर टाकी डिटर्जंट व गरम पाण्याने किंवा वाफेने वारंवार धुतात, आतील वाफेचे प्रमाण उपकरणाने मोजतात आणि वेल्डिंग करताना टाकीत नायट्रोजनसारखा न जळणारा वायू भरतात. ही साधने जेथे नाहीत, तेथे वेल्डिंग करूच नये. बाजारात मिळणाऱ्या एम-सीलसारख्या लेपाने गळती तात्पुरती थांबते, परंतु पुरातील बोटीसाठी तो कायमचा उपाय मानता येणार नाही. एका जागी छिद्र पडले म्हणजे आसपासचा पत्राही पातळ झालेला असतो. आतून गंजलेल्या टाकीला ठिगळ लावण्यापेक्षा ती बदलणे स्वस्त आणि सुरक्षित ठरते.

नवी टाकी बसवताना तिच्याखाली पाणी साचणार नाही, हवा खेळती राहील आणि ती हिंदकळून घासणार नाही, अशी व्यवस्था करावी. हवेची नळी बोटीच्या बाहेर उघडावी. टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा. तळाचे पाणी इंजिनात जाण्यापूर्वी अडवणारा हा अखेरचा पहारेकरी असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून फळ्यांखाली टाकी असलेल्या बोटीत इंजिन सुरू करण्यापूर्वी झाकणे उघडून वास घेण्याची सवय लावून घ्यावी.

आतले इंजिन आणि कोकणचा अनुभव

मोठ्या लाँच आणि मासेमारी नौकांत इंजिन आतमध्ये असते. कोकण किनाऱ्यावर मालवाहू ट्रकची डिझेल इंजिने सागरी वापरासाठी बदलून बसवण्याची पद्धत रूढ आहे. येथे इंजिन बदलताना खरी कसोटी असते ती इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणण्याची. दोन्हींना जोडणाऱ्या चकत्यांमधील फट पातळ पट्ट्यांनी चारही बाजूंनी मोजतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीत ही तफावत सुमारे एकदशांश मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. जमिनीवर ठेवलेल्या बोटीचा आकार पाण्यात उतरल्यावर किंचित बदलतो. त्यामुळे अंतिम मोजमाप बोट तरंगत असतानाच घेतात आणि काही तास चालवल्यावर पुन्हा पाहतात. यात चूक झाली, तर थरथर वाढते, बेअरिंग झिजते आणि दांड्याच्या तोंडातून पाणी आत येते.

डिझेल पेट्रोलइतके ज्वालाग्राही नसले, तरी त्याच्या टाकीतही पाणी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा काळा, बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो. इंधन वेगळे असले तरी रोग तोच आहे.

नवे इंजिन म्हणजे तयार बोट नव्हे

इंजिन बसवले आणि ते सुरू झाले, म्हणजे काम संपले असे होत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात याचा विदारक प्रत्यय आला. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू असताना इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने म्हटले होते. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. सर्व साधने हाताशी असलेल्या ठिकाणीही इंजिनाची चाचणी हा जोखमीचा प्रसंग असतो, हे या घटनेने दाखवून दिले.

गावातील बोटीची चाचणीही म्हणूनच गर्दीपासून दूर, मोकळ्या आणि शांत पाण्यात व्हायला हवी. प्रथम बोट बांधून इंजिन मंद वेगात चालवावे, थंडाव्याच्या पाण्याची धार पाहावी, सुकाणू आणि गिअर दोन्ही बाजूंना तपासावेत. चालकाच्या मनगटाला बांधायची, ओढली की इंजिन बंद करणारी लाल दोरी खरोखर काम करते का, हे प्रत्यक्ष ओढून पाहावे. नदीत चाचणी घेताना आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जावे. इंजिन बंद पडले, तर प्रवाहच बोटीला निघालेल्या जागेकडे परत आणतो.

भाराची चाचणी माणसांवर करू नये. त्यासाठी वाळूची पोती वापरावीत. तेवढ्याच वजनाने, पूर्ण वेगात, किमान अर्धा तास बोट चालली पाहिजे. टाकीतील मळ, फिल्टरची क्षमता, पंख्याची निवड, मागच्या फळीची ताकद या सगळ्यांची परीक्षा त्या अर्ध्या तासात होते. नव्या इंजिनाचे पहिले दहा तास निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे वेग बदलत, सांभाळून काढायचे असतात. त्यामुळे पूर्ण भाराची चाचणी त्यानंतर घ्यावी. हे तास पुराच्या दिवशी मिळत नाहीत.

क्षमतेची मर्यादा या वेळीच बोटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून टाकावी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांना जलसमाधी मिळाली. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे असल्याचे त्या वेळी समोर आले होते. पाणी घरात शिरलेले असताना काठावरच्या माणसाला 'तू थांब' म्हणणे कठीण असते. आकडा आधी लिहिलेला असेल, तर चालकाला ते म्हणण्याचे बळ मिळते. इंजिन बदलून बोट जड झाली असेल, तर हा आकडाही नव्याने ठरवावा लागतो.

नोंदणी असलेल्या बोटीच्या इंजिनात असा मोठा बदल केला, तर त्याची नोंद नोंदणी अधिकाऱ्याकडेही व्हायला हवी. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ हा २०२२ पासून लागू आहे.

किनारा विसावतो, तेव्हा नदी जागी होते

या साऱ्याला वेळेचे एक गणित आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, इंजिने उघडली जातात, टाक्या धुतल्या जातात. नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातील बोटींचे मेकॅनिक याच कामात गुंतलेले असतात. घाटमाथ्याच्या अलीकडे नेमके उलटे आहे. किनाऱ्यावरील बोट विश्रांती घेते, तेव्हाच घटप्रभा, हिरण्यकेशी आणि ताम्रपर्णीच्या काठची बोट कामाला लागायची असते.

नेसरी परिसरात ट्रॅक्टर आणि दुचाकी दुरुस्त करणारे हात पुष्कळ आहेत. परंतु आऊटबोर्ड इंजिन रोज हाताळणारा कारागीर शोधायचा, तर आंबोली घाट उतरून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याकडे किंवा गोव्याकडे जावे लागते. जूनमध्ये तेथे गेले, तर पुढे रांग असते आणि मागे पाऊस असतो. म्हणून बोटीची टाकी उघडण्याचा मुहूर्त मार्चमध्येच काढावा. सुटा भाग मागवावा लागला, फळी नवी करावी लागली, तरी मे महिन्यात वाळूच्या पोत्यांची चाचणी होऊ शकते.

पावसाळा संपल्यावरचे काम त्याहून सोपे आहे आणि तेच सर्वाधिक टाळले जाते. सुट्या टाकीतील, तेल न मिसळलेले पेट्रोल काढून दुचाकीत वापरून टाकावे, टाकी कोरडी करावी, कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे, गोड्या पाण्याने ते धुवावे आणि गिअरचे तेल बदलावे. महिन्यातून एकदा ताज्या इंधनावर, थंडाव्याच्या पाण्याची सोय करून, इंजिन दहा मिनिटे सुरू करावे. त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमून एक वही ठेवावी. इंजिन कधी चालवले, किती वेळ चालवले, इंधन कधी भरले, एवढ्या तीनच नोंदी पुरेशा आहेत. पुराच्या दिवशी बोट उतरवणाऱ्याला त्या वहीतील शेवटची तारीख पाहून बरेच काही समजेल.

पावसाळ्यापूर्वी हे तपासा

- टाकीच्या तळातील इंधन बाटलीत काढून पाहा. पाणी, गंज किंवा शिळेपणा आढळला, तर टाकी पूर्ण रिकामी करा.
- नळ्या, रबरी फुगा आणि जोडण्यांवरील कड्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत याची खात्री करा.
- टाकीवरील हवेचा स्क्रू उघडतो आणि बंद होतो का, ते पाहा.
- पाणी वेगळे करणारा फिल्टर नवा लावा आणि एक जादा फिल्टर बोटीत ठेवा.
- गळक्या टाकीला गावातील दुकानात वेल्डिंग करू नका.
- इंजिन बदलण्यापूर्वी मागची फळी ठोकून आणि भार देऊन तपासा.
- नव्या इंजिनाचे वजन मोजून माणसांची संख्या नव्याने ठरवा आणि ती बोटीवर रंगवा.
- टू-स्ट्रोक इंजिनासाठी तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या सूचनेनुसार ठेवा. ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. फोर-स्ट्रोकच्या टाकीत असे मिश्रण कधीही ओतू नका.
- वाळूची पोती भरून अर्धा तास पूर्ण वेगात चाचणी घ्या.
- वल्ही, जीवरक्षक जाकिटे, दोर, कोयता, जादा पिन आणि पाना बोटीतच ठेवा.